साडेतीन इंच मागे

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार. सकाळी ९.

ही वही आजपासून. मोठी कामं करणारी माणसं नोंद ठेवतात. बाकीचे लोक इतरांना विचारत बसतात.

काम असं. माझ्या चौऱ्याहत्तर सालच्या पिकअपचा गिअरबॉक्स एप्रिलमध्ये गेला. तीन गिअरचा होता. आता भंगारातून चार गिअरचा आणलाय, तो जुन्यापेक्षा लांब आहे. त्यामुळे गिअरबॉक्सचं बूड ज्या आडव्या लोखंडी तुळईवर टेकतं, ती तुळई, म्हणजे क्रॉसमेंबर, चासीवर साडेतीन इंच मागे सरकवायची. जुने चार बोल्ट काढा, मागे चार भोकं पाडा, बोल्ट पुन्हा लावा. एवढंच. एका शनिवारचं काम. फार तर रविवारी चर्चहून आल्यावर थोडं.

तरी मुदत ऐसपैस ठेवली आहे. ७ नोव्हेंबर, म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. तोपर्यंत ट्रक गॅरेजच्या बाहेर आणि मार्लिसची गाडी आत. तसं कागदावर लिहिलं, खाली सही केली, फ्रिजवर चिकटवलं. मार्लिसला विचारलं, तोपर्यंत तुझी गाडी बाहेर राहिली तर चालेल ना? "चालेल की," म्हणाली. एकदाच विचारलं आणि लगेच हो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण या बाबतीत तिने कधी कटकट केली नाही. आधी गॅरेजमध्ये बोट होती तेव्हाही नाही, मग बर्फावरची स्कूटर होती तेव्हाही नाही.

खरं तर हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय.

त्याच दिवशी. दुपारी ४.

काम सुरू करण्याआधी गॅरेज झाडलं. झाडताना जुनी मासिकं सापडली. ती लावून ठेवावी लागली.

समोरचे अर्लन डोकावले. जिल्ह्याच्या रस्ते खात्याच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस. कॉफी घेणार का विचारलं. "नको, नको, निघालोच होतो." घ्या की. "उगाच कशाला त्रास." घ्या हो, केलेलीच आहे. तेव्हा कुठे खुर्ची ओढून बसले आणि दोन कप प्याले. आमच्या मिनेसोटात पहिले दोन नकार कोणी मोजतच नाही. माणूस खरं बोलतो ते तिसऱ्यांदा विचारल्यावर. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यांना बेत सविस्तर समजावून सांगितला. पाऊण तास लागला. ते ट्रकखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चासीवर चिखल बराच बसलाय, नाही?" मी सांगितलं, मुद्दामच ठेवलाय, चिखलामुळे गंज धरत नाही. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हं. ही पण एक पद्धत आहे."

चाळीस वर्षांचा अनुभव. एका नजरेत दाद दिली.

१३ सप्टेंबर, रविवार.

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी सगळ्यांना क्रॉसमेंबरबद्दल सांगितलं. पाद्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वेगळंच आहे हं काहीतरी." लोकांना उत्सुकता आहे.

काम झालं नाही. सगळ्या गावाला सांगण्यात वेळ गेला, पण त्याने मन बांधलं जातं.

२६ सप्टेंबर, शनिवार.

गिअरबॉक्स वर चढवून इंजिनाला जोडला. त्याचं बूड जॅकवर टेकवलं आहे. क्रॉसमेंबर सुटा करून कोपऱ्यात ठेवला. चार बोल्टांपैकी दोन सरळ निघाले, एक रडत निघाला, एक कापावा लागला. म्हणजे पंचाहत्तर टक्के यश.

मार्लिस डबा घेऊन आली. हे डब्यात घालून आणणं तिला सुचतं तरी कसं, मी तर घराच्याच गॅरेजमध्ये होतो. ओव्हनमध्ये भाजलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश. "थंडी सुरू होईल आता," म्हणाली. मी म्हटलं, गॅरेजमध्ये हीटर आहे, माझी काळजी करू नकोस. ती बाहेर तिच्या गाडीकडे बघून आत गेली. समाधान झालं असावं.

३० सप्टेंबर, बुधवार.

पहिला बर्फाचा थर. मार्लिसची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे पावणेपाचला बाहेर काच खरवडण्याचा आवाज आला. मी कूस बदलली. काच खरवडायला दोन मिनिटं लागतात. लोक उगाच त्याचा बाऊ करतात.

माझी गोष्ट वेगळी. माझी गाडी तिच्या गाडीशेजारीच उभी असते, पण मी आठला निघतो तेव्हा काच लख्ख. कारण मी दर सप्टेंबरला काचेला मेण लावतो. मेणावर बर्फ धरत नाही. नियोजन म्हणतात ते हेच. संध्याकाळी मार्लिसला म्हटलं, तूही मेण लाव, एकोणीस वर्षांत माझ्या काचेला कधी हात लावावा लागलेला नाही. तिने खिडकीतून माझ्या गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "हं. ही पण एक पद्धत आहे."

अर्लनचेच शब्द. घरातूनही दाद मिळायला लागली.

३ ऑक्टोबर, शनिवार.

मोजमाप. जुन्या भोकापासून साडेतीन इंच मागे खडूने खूण. ट्रकखाली पाठीवर पडून, डोकं इंजिनाकडे आणि पाय मागच्या चाकांकडे, डावीकडची दोन भोकं पाडली. जाड पोलाद, पण माणसाने ठरवलं की होतं. लोखंडाचा चुरा डोळ्यात गेला. चष्मा होता, पण कपाळावर होता.

उजवीकडची उद्या. अर्धं काम झालं म्हणजे खरं तर पाऊण झालं, कारण हात बसतो.

४ ऑक्टोबर, रविवार.

उजवीकडच्या बाजूला हीटरची वायर आडवी येत होती. म्हणून मागच्या टोकाने खाली शिरलो. डोकं मागच्या चाकांकडे, पाय इंजिनाकडे. काल केलं तसंच, पायांच्या दिशेने साडेतीन इंच. दोन भोकं. वीस मिनिटांत. कालच्यापेक्षा निम्मा वेळ. हात बसतो म्हटलं ना.

मार्लिसला हाक मारून दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही पुढे का आहेत?" ट्रकखाली पुढे-मागे ठरवायला अनुभव लागतो, असं मी शांतपणे सांगितलं.

५ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी.

क्रॉसमेंबर लावून पाहिला. बसत नाही. डावं टोक मागे जातं, उजवं पुढे. सात इंचांचा फरक.

बराच विचार केल्यावर कारण सापडलं. चासीच मुळात वाकडी आहे. चौऱ्याहत्तर साली कुठल्या तरी सोमवारी, रविवारची उतरली नसताना, कोणीतरी ही जोडली असणार. चोवीस वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी नसतो तर अजूनही आलं नसतं.

अर्लनना बोलावून वाकडी चासी दाखवली. कॉफी तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतली. ट्रकखालून बाहेर आले तेव्हा ओठ आत ओढलेले होते. "काय वाटतं?" असं मी विचारणार होतो, पण तेवढ्यात मीच माझा निष्कर्ष सांगायला लागलो. ऐकून म्हणाले, "असू शकेल." लिंबाच्या वड्यांपैकी शेवटची एक उरली होती. तिचा अर्धा भाग त्यांनी कापून घेतला, मग मी उरलेल्याचा अर्धा, मग त्यांनी त्याचा अर्धा. शेवटचा तुकडा इथे कोणी संपवत नाही; बशीत अजून एक कण आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार.

वाकड्या चासीला समजून घेऊन उजवीकडे नवीन दोन भोकं पाडली. मध्यम मार्ग म्हणून आधीच्या आणि नंतरच्या खुणेच्या बरोबर मध्ये. ती जुन्या भोकांत मिसळली आणि एक लांबट खिडकी तयार झाली. पुन्हा दोन पाडली. आता उजवीकडे एकंदर सहा, एक खिडकी धरून.

मार्लिस डॉक्टरांकडे जाऊन आली. उजव्या मनगटाला पट्टा घातलाय. शिरेवर दाब आला आहे, काही दिवस घासणं, खरवडणं बंद, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, डाव्या हाताने खरवड, दोन्ही हात सारखे मजबूत होतील. ती म्हणाली, "चालेल." या बाईचं मला एक आवडतं. तिला काहीही चालतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार.

ड्रिलचं पातं तुटलं. गावात त्या मापाचं मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, एवढं जाड पातं लोकांना वर्षातून एकदा लागतं. मी म्हटलं, मला महिन्यातून तिसऱ्यांदा लागतंय. म्हणजे मी कोणत्या पातळीचं काम करतोय ते त्याला कळलं असेल.

मार्लिसच्या बहिणीचा, बेव्हचा, ॲरिझोनाहून फोन. दोघी दीड तास बोलल्या. मी स्वयंपाकघरात पाना शोधत होतो म्हणून कानावर पडलं. मार्लिस म्हणत होती, "तिथे काच खरवडावी लागत नाही ना गं?" हवामानाची चौकशी. बेव्ह काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मार्लिस हसली. मग बराच वेळ हसली नाही.

जेवताना म्हणाली, जानेवारीत बेव्हकडे जाऊन येईन म्हणते. छान कल्पना आहे, मी म्हटलं. मला ट्रकखाली मोकळेपणाने काम करता येईल. हे शेवटचं वाक्य मोठ्याने बोललो. तिने माझ्या ताटात आणखी थोडे बटाटे वाढले.

२४ ऑक्टोबर, शनिवार.

नवीन पातं शेजारच्या जिल्ह्यातून आणलं. डावीकडची दोन भोकंही आता संशयास्पद वाटताहेत, कारण चासी वाकडी असेल तर डावी बाजू तरी सरळ कशी? म्हणून तिकडेही दोन पाडून पाहिली.

मध्येच ट्रकदुरुस्तीचं पुस्तक चाळलं. पान १४० वर लिहिलंय की गिअरबॉक्स लांब झाला की मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढाच कापून आखूड करून घ्यावा लागतो. सप्टेंबरमध्ये मी १३९ पर्यंत वाचलं होतं. पुस्तकं अशी लिहितात की महत्त्वाची गोष्ट नेमकी पान उलटल्यावर येते. ज्या वर्कशॉपात शाफ्ट कापतात तिथे फोन केला. शिकारीचे दिवस आहेत, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी जमणार नाही म्हणाले.

मुदतीचा फेरविचार करायला हरकत नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार.

फ्रिजवरचा कागद नीट वाचला. त्यावर '७ नोव्हेंबर' लिहिलंय. साल लिहिलेलं नाही.

शब्द जपून वापरावेत ते असे.

३१ ऑक्टोबर, शनिवार.

पहाटे बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज. मार्लिस बर्फावरून घसरली. गाडीच्या दाराला धरून उठली म्हणे. संध्याकाळी गुडघा दाखवला, चांगलाच सुजलाय. मी वाळू आणून अंगणात टाकणार होतो, पण वाळूची पोती ट्रकच्या मागच्या चाकांखाली अडसर म्हणून लावलीत, आणि ती काढली तर सुरक्षिततेचा प्रश्न येतो.

तिने तिकीट काढलंय. ४ जानेवारी, टुसॉन, म्हणजे बेव्हचं गाव. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं होतं म्हणून पाहिलं. फक्त जायचं आहे, परतीचं नाही. हिशोबी बाई. परतीची तिकिटं कधी कधी नंतर स्वस्त मिळतात.

उजवीकडे आता नऊ भोकं. डावीकडे पाच. एकदा सगळी भोकं पाडून झाली की त्यांतली चार तरी जुळणारच.

२ नोव्हेंबर, सोमवार.

आज मन लागलं नाही. कारण नाही. टेबलावर ते तिकीट अजून तसंच आहे, मीठदाणीखाली. उचलून ठेवावं असं वाटलं, पण कुठे ठेवायचं ते कळेना.

६ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्यापासून शिकार. नेहमीप्रमाणे आम्ही चौघं उत्तरेकडे. ट्रक अजून गॅरेजमध्ये आहे, पण माणसाने विश्रांती घेतली नाही तर मोजमाप चुकतं.

निघताना मार्लिसला विचारलं, मी दोन दिवस नाही, चालेल ना? "चालेल." फ्रिजवरचा कागद तिच्या मागेच होता. मीच म्हटलं, तारखेच्या बाबतीत आपण थोडं लवचीक राहू. ती म्हणाली, "तू जा. सावकाश चालव." गॅरेजकडे बघून म्हणाली. मला वाटलं, ट्रकला म्हणतेय.

८ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.

हरीण मिळालं नाही. तीन पाहिली. त्यांतल्या दोघांनी मलाही पाहिलं.

घरी आलो तर गॅरेजचं शटर बंद. ट्रक बाहेर, गॅरेजच्या बाजूला गवतावर, निळ्या ताडपत्रीखाली. चारही कोपरे विटांनी दाबलेले. पहिला विचार चोरांचा आला. पण चोर ट्रक दहा हात ढकलून त्यावर ताडपत्री घालून जात नाहीत.

शटर उघडलं. आत मार्लिसची गाडी. कोरडी. काचेवर थेंब नाही.

आत ती सफरचंदं सोलत बसली होती. डाव्या हाताने. बऱ्यापैकी सराईतपणे. म्हणाली, "काल चर्चमधल्या बायका कॉफीला आल्या होत्या. अर्लननी खाली शिरून चार बोल्ट लावले, मग आम्ही ढकलला." मी विचारलं, कोण आम्ही? "मी, पाद्रीबाई, इडेल, आणखी चौघी." इडेल शहाऐंशी वर्षांची आहे. म्हटलं, पण ट्रक चालतच नाही! मार्लिसने सालाची एक लांब, अखंड पट्टी ताटात टाकली आणि म्हणाली, "चाकं आहेतच की त्याला, रसेल."

एप्रिलमध्ये त्या चाकांच्या बेअरिंगांना ग्रीस मी भरलं होतं. नाहीतर इडेलच्याने तो हललाही नसता. हे कोणी बोललं नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.

ताडपत्री वर करून ट्रकखाली गेलो. क्रॉसमेंबर जागेवर आहे. सरळ. गिअरबॉक्सचं बूड त्यावर अगदी बरोबर टेकलंय. चारही बोल्ट मी न पाडलेल्या भोकांत आहेत.

बोल्टांभोवतीचा चिखल फडक्याने पुसलेला. हाताच्या पंजाएवढी जागा स्वच्छ. आत गोल, नीट भोकं, कडांना कारखान्याचाच जुना काळा रंग. उजवीकडच्या माझ्या नऊ आणि डावीकडच्या पाच भोकांच्या गर्दीत, माझ्या साडेतीन इंचांच्या खुणेपासून बोटभर अंतरावर. त्या काळात चासी एकच काढायचे आणि दोन्ही प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी भोकं आधीच पाडून ठेवायचे, असं दिसतंय. चोवीस वर्षं ती तिथेच होती. फक्त चिखल पुसायचा होता.

अर्लनकडे गेलो. त्यांनी कॉफी विचारली. मी नको म्हटलं. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारली तेव्हा घेतली. मग विचारलं, ती भोकं तुम्हाला कधी दिसली? म्हणाले, "पहिल्याच दिवशी. चिखलाखाली खोलगट दिसतात." मग आठ आठवडे बोलला का नाहीत? त्यांनी कप खाली ठेवला. "तू विचारलं नाहीस, रसेल. तू सांगत होतास."

यात तथ्य नाही. पण कॉफी चांगली होती.

९ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी पावणेआठला बाहेर आलो. माझ्या काचेवर बर्फ. जाड, पांढरा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मेण संपलं असणार. या वर्षीचा डबा दुसऱ्या कंपनीचा होता.

खरवडणी माझ्याकडे नाही, लागलीच नाही कधी. कॅसेटच्या रिकाम्या डबीने खरवडलं. चोवीस मिनिटं. बोटं सुन्न. कामावर उशीर झाला. साहेबांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, "हिवाळा आलाय होय? कोणी सांगितलं तुला?" 

संध्याकाळी काचेला नव्याने मेण लावलं. दोन थर.

१० नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे.

पावणेपाचला आपोआप जाग आली. बाहेर खरवडण्याचा आवाज नव्हता. त्यामुळेच जाग आली असावी.

खिडकीतून पाहिलं. दोन थर मेणावर कालच्यापेक्षा जाड बर्फ.

खाली आलो. मार्लिस कोट घालून कॉफी पीत उभी होती. मी म्हटलं, माझ्या काचेचं काहीतरी बिनसलंय, मेण धरत नाही. तिने कपात चमचा फिरवला. "रसेल, मेण तू सप्टेंबरात लावतोस ना?" हो. "आणि मी पावणेपाचला बाहेर जायचे ना?" हो. "मग?"

मी खिडकीतून पुन्हा माझ्या काचेकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुझी आधी करायचे. माझी आधी केली असती तर तोवर हात दुखायला लागायचा आणि तुझी राहून गेली असती."

फ्रिजवरचा कागद दिसत होता. त्याच्याकडे बघत विचारलं, तुझी गाडी बाहेर असायची, ते तुला चालत होतं का? "चालत होतं." पुन्हा विचारलं. "अरे, चालत होतं, झालं ते." मला अर्लन आठवले, ती खुर्ची ओढून बसणं आठवलं. तिसऱ्यांदा विचारलं. तिने कप सिंकमध्ये ठेवला, आवाज न करता, आणि म्हणाली, "नाही."

एवढंच. 'नाही.' सहजपणे, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

मग मी तिकिटाचं विचारलं. परतीचं कधीचं काढणार? म्हणाली, "बघू." पुन्हा विचारलं. म्हणाली, "अजून ठरवलं नाही." तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तर घड्याळात पाच दहा झाले होते. ती गॅरेजच्या दाराने गेली. शटर वर गेलं, गाडी बाहेर आली, शटर खाली आलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

सकाळी ७.

बाहेर आलो तर माझ्या गाडीच्या बॉनेटवर तिची खरवडणी ठेवलेली. जाताना ठेवून गेली. मुठीवर कापडी टेप गुंडाळलाय, दोन ठिकाणी, दोन रंगांचा. पातं एका बाजूने तिरकं दिसलं म्हणून खिशातली मोजपट्टी काढून मोजलं. डाव्या कोपऱ्यात पावणेचार इंच, उजव्या कोपऱ्यात सव्वातीन. पोलाद नव्हे, पितळ आहे, तरी अर्धा इंच झिजलंय. काचेवर.

खात्री करायला दुसऱ्या टोकाला उभा राहून पुन्हा मोजलं. तेवढंच.

पुढची काच झाली. बत्तीस मिनिटं, मध्ये दोनदा हात बगलेत घालून. दोनदा विचारून झालंय, तिसरं संध्याकाळी विचारायचं आहे. ती पावणेतीनला येते. त्याआधी, म्हणजे मी कामावर जाण्याआधीच, अंगणात वाळू टाकायची. आता मागची काच. तिच्यात बारीक तारा असतात, जपून खरवडावं लागतं. हे मला माहीत नव्हतं.